उजवीकडून उघडणारा अल्बम

आईचे मामा डोळे दाखवायला म्हणून आमच्याकडे धाराशिवला राहायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन जोड कपडे, गोळ्यांचा डबा आणि एक लांबट जुनं रजिस्टर होतं. कपडे आईनं कपाटात लावले. रजिस्टर त्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही. कॉटवर उशी आणि भिंत यांच्या मध्ये स्वतः ठेवलं, नीट बसलं का ते हातानं चाचपलं, मग पाण्याचा तांब्या घेतला.

त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. वय नव्वदीच्या पुढे, पण चालणं अजून ताठ. त्यांची सगळी नोकरी ढोकीच्या साखर कारखान्यात, आवक-जावक विभागात झाली. कारखान्यात येणारं प्रत्येक पाकीट आधी त्यांच्या टेबलावर यायचं. आतला कागद फायलीत गेला की रिकामं पाकीट टोपलीत पडायचं. साहेबांना विचारून त्यांनी त्या पाकिटांवरची तिकिटं घ्यायला सुरुवात केली आणि निवृत्त होईपर्यंत थांबले नाहीत. त्याआधीची, निजामाच्या काळातली थोडी तिकिटं त्यांच्या वडिलांच्या पत्रांवरून काढलेली होती. त्यात चारमिनारचं एक तपकिरी तिकीट होतं. लहानपणी मला ते एकदाच बघायला मिळालं होतं, तेही हात मागे बांधून.

रजिस्टरच्या प्रत्येक पानावर सहा ओळी, ओळीत पाच तिकिटं. चिकटवायला त्यांनी कधी खळ वापरली नाही. पोस्टात तिकिटांचे मोठे ताव येतात, त्यांच्या कडेला डिंक लावलेली कोरी पट्टी असते. ती ते पोस्टमास्तरांकडून मागून आणायचे, तिचे नखाएवढे तुकडे कापून, दुमडून तिकिटाच्या मागे लावायचे. त्यामुळे तिकीट पानावर दारासारखं उघडायचं आणि मागचा कागदही बघता यायचा.

आता त्या रजिस्टरला कसर लागली होती. पान उलटलं की चंदेरी किडा सर्रकन शिवणीत पळायचा.

"मामा, ह्यातली कसर माझ्या कपाटात शिरंल," आई म्हणाली. "साड्या हायेत तिथं."

"कसरीला कागदाची चव हाय. तुझ्या साड्याला काय चव हाय?"

"तुमचं नातं लई जुनं दिसतंय तिच्याशी."

"व्हय. ती खाती आन् मी बगतो."

हसत बोलले, पण दुसऱ्याच दिवशी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. दिवाळीपर्यंत बारीक अक्षर लागणार नाही असं समजा. परत येताना गाडीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुळजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "पेपर वाचायचा गेला तर गेला. त्यात तसंबी काय ऱ्हायलं न्हाय. पन माझं तिकीट माझं मला सापडलं पायजे. दरवेळी कुनाला तरी हाक मारायची, हे तिकीट काढून द्या, ते काढून द्या, असं नगं."

नवा अल्बम करायचं काम माझ्याकडे आलं. घरात जी मुलगी कमी बोलते, तिच्याकडे बारीक कामं आपोआप येतात. बारावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रजिस्टर घेतलं आणि पहिल्या दिवशी फक्त प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. शाळेत प्रयोगवहीनं मला तेवढी एक सवय लावली होती. काही हलवण्याआधी ते कसं होतं ते टिपून ठेवायचं.

अल्बम कुठला घ्यायचा, हा खरा प्रश्न होता. आमच्या गावात तिकिटांचा अल्बम मिळत नाही. फोटो स्टुडिओवाल्यानं चिकट पानांचा अल्बम दाखवला. पान सोलायचं, फोटो ठेवायचा, वरचा प्लास्टिकचा कागद दाबायचा. "लग्नाचे फोटो वीस वीस वर्षं हलत नाहीत," तो म्हणाला. न हलणं हाच त्यातला दोष होता. मी त्याच्याकडून एक सुटं पान मागून आणलं, त्यात रोजच्या टपालातली चार साधी तिकिटं घातली आणि पान गच्चीवर फरशीखाली ठेवलं. आठ दिवसांनी काढलं. आमच्याकडच्या मे महिन्यात डिंकाचं काकवीसारखं झालं होतं. तिकिटं पानाबरोबर सोलून निघाली, मागचा अर्धा कागद पानालाच चिकटून राहिला. स्टुडिओत परत गेले नाही. नको म्हणायला जावं लागतं, तेवढं मला जमत नव्हतं.

नाण्यांचा अल्बम पाहिला. त्याचे कप्पे मऊ प्लास्टिकचे आणि त्यांना नव्या रेनकोटचा वास. वास येणाऱ्या प्लास्टिकमधून काहीतरी सुटत असतं, आणि ते तिकिटाच्या रंगाला लागतं. शेवटी इंटरनेटवरून एक खास तिकिटांचा मागवला. जाड काळी पानं, प्रत्येक पानावर पारदर्शक पट्ट्यांच्या नऊ ओळी. पट्टीच्या वरून तिकीट आत सरकवायचं, डिंकाची गरज नाही. काळ्या पानावर तिकिटाचे दात ठळक दिसत होते. माझी निवड बरोबर आहे याबद्दल मला शंका नव्हती.

रजिस्टर उघडलं तेव्हा एक गोष्ट मला विचित्र वाटली होती. पुढची पानं कोरी आणि तिकिटं मागून सुरू झालेली. चारमिनार शेवटच्या पानावर. मला वाटलं, बाद रजिस्टर आहे, पुढची पानं दुसऱ्या कशाला ठेवली असतील. आईची पाककृतींची वहीसुद्धा माझ्या जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूनं सुरू होते. शिवाय तिकिटांना काही क्रमही नव्हता. इंग्लंडच्या शेजारी नेपाळ, त्याच्याखाली भारताचं गहू कापणीचं, पुन्हा इंग्लंड. मी ते सगळं सुधारलं. ओलसर टीपकागदावर ठेवून एकेक तिकीट सोडवलं, देशवार आणि सालवार लावलं. आधी भारत, त्यातही निजामाची पहिली. अल्बमच्या पहिल्या पानावर, डावीकडून पहिला चारमिनार. बारा दिवस लागले. आबांना मधे काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे त्यांच्या कॉटसमोर उभं राहून बोलायचं, आणि ते हमखास काहीतरी टोमणा मारणार.

दुपारचं जेवण झाल्यावर मी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी रेक्झिनचा वास घेतला, कोपरे दाबून बघितले.

"इंग्लिशवाल्यांनी काम तर दिमाखात केलंय," ते म्हणाले. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून हे नाव.

मग अल्बम उघडला, मागच्या बाजूनं. शेवटची पानं रिकामी होती, पुढच्या तिकिटांसाठी मी सोडलेली. ते त्या काळ्या पानाकडे मान जरा वाकडी करून बघत राहिले. बोट उजव्या कोपऱ्यात वर गेलं, तिथं फिरलं. खाली आलं. पुढच्या पानावर गेलं.

"लाईट लाव गं," ते म्हणाले.

"लाईट चालूच आहे, आबा."

"खिडकी?"

"उघडी आहे."

त्यांनी अल्बम मिटला, मांडीवरच ठेवला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की ते काय समजले आहेत. दिवाळीला चार-पाच महिने बाकी होते, आणि त्यांना वाटत होतं की ते आजच झालं.

मी घाईनं अल्बम त्यांच्या हातातून घेतला, सुलटा करून पहिलं पान उघडलं. "आबा, इथून आहे. हे बघा, चारमिनार. सुरुवात इथून."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "हां," म्हणाले. "दिसलं." मग थोड्या वेळानं, "सुरुवात तिथनं कशी व्हईल बाई? ते तर तमाम उलटं झालं."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. तिनं अल्बम बघितला, मग माझ्याकडे. "अगं, मामा उर्दूत शिकलेत," ती म्हणाली. "त्यांची वही उजवीकडनं उघडती. तुला ठाऊक न्हाय व्हय?"

मला ठाऊक होतं. निजामाच्या शाळेत ते उर्दूतून शिकले, हे प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी सांगायचं. फक्त ते रजिस्टरवर लागू होतं हे डोक्यात आलं नव्हतं. मराठी पत्रं, इंग्रजी पाकिटं, आणि त्यांचं स्वतःचं रजिस्टर मात्र ते जसं पहिल्यांदा वही उघडायला शिकले तसं.

"आणि त्या ओळी?" मी विचारलं. "त्यात देश का नव्हते?"

"देश कशाला? आवकवाल्याला देश नसतो. जे पाकीट आधी आलं, ते आधी. ती माझी तरतीब." मग हात उचलून हवेतच दाखवायला लागले. "चौथा सफा, तिसरी ओळ, दुसरं. जपानचा मासा. हाय का न्हाय?"

मी मोबाईल काढला. त्यांच्या पद्धतीनं चौथं पान, वरून तिसरी ओळ, उजवीकडून दुसरं. "जपान. मासा आहे."

"पाचवा सफा, पयली ओळ, शेवटचं. निळे गांधीजी."

"गांधीजी. निळं."

"तर मग," ते म्हणाले. एवढंच. रागानं नाही. आपली पावती दाखवून झाल्यासारखं.

त्यांचा सगळा संग्रह त्यांच्या बोटांत होता, आणि मी तो बोटांतून काढून घेतला होता. डोळे जात असताना नेमका तेवढाच आधार शिल्लक होता.

मी आधी सोपा उपाय करून पाहिला. तोच विकतचा अल्बम मागून भरायचा. पट्ट्या दोन्ही बाजूंना होत्या, त्यामुळे अडचण नव्हती. एक पान भरलं आणि आबांसमोर ठेवलं. बोट गेलं चौथ्या ओळीला, पडलं सहावीवर. विकतच्या पानाला नऊ ओळी, त्यांच्या हाताला सहाची सवय. यंत्रानं केलेली पट्टी कुणाच्याच हाताची नसते. तेव्हा मी ठरवलं की अल्बम विकत घ्यायचाच नाही.

"आबा, तुम्ही ओळी कशा आखल्या होत्या? पट्टीनं?"

पहिल्यांदाच मी त्यांना आपण होऊन काही विचारत होते. त्यांनी उत्तराच्या जागी हात पुढे केला, चार बोटं जुळवून. "एक ओळ, चार बोटं. मधी जागा न्हाय सोडायची."

मी काळ्या कार्डशीटवर त्यांचा हात ठेवून घेतला आणि पांढऱ्या पेन्सिलीनं चार बोटांची कड काढली. मग तो हात खाली, पुन्हा कड. सहा वेळा. रजिस्टरच्या पानाएवढी उंची बरोबर भरली.

"कुठल्या शाळंत शिकविलं हे?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग बराबर हाय."

पट्ट्यांसाठी झेरॉक्सच्या दुकानातून कॉलेजच्या प्रोजेक्टवर लावतात ती पारदर्शक शीट आणली. दोन प्रकारची होती. एक मऊ, वासाची. दुसरी कडक, हलवली की कडकड वाजणारी, वास नसलेली. दोन्ही आठवडाभर गच्चीवर ठेवून मग कडक घेतली. प्रश्न होता ती काळ्या पानावर बसवायची कशी. डिंक नको होता. आई माझी खटपट दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं शिवायला घेतलेला ब्लाऊज बाजूला ठेवला आणि शिलाई मशीनची सुई बदलली.

"आण इकडं. शिवून देते."

पहिली पट्टी शिवली आणि टाका टाक्याला लागून पडल्यामुळे सुईच्या भोकांच्या रेघेवर फर्रकन फाटली. आम्ही दोघी बघत राहिलो. तिकिटांच्या तावाला भोकं का पाडतात ते आम्हाला त्या दिवशी नीट समजलं. आईनं टाका सगळ्यात लांब केला, पायाचा दाब कमी केला. मग बसली. तिनं आडव्या टिपेबरोबर पाच पाच घरांच्या उभ्या टिपाही मारल्या, म्हणजे तिकीट बाजूला सरकायला नको. त्यातून मला न सुचलेली एक गोष्ट झाली. टिपेचा दोरा बोटाला लागत होता. डोळे मिटून बोट फिरवलं तरी घर मोजता येत होतं.

"दोरा पांढरा घालू का?" आईनं विचारलं. "काळ्यावर दिसंल तरी."

"घाल. आणखी जाडही घाल."

चौदा पानं शिवून झाल्यावर बांधणीसाठी जुन्या गावातल्या बाइंडरकडे गेले. वाटेत मनात वाक्य तयार करत होते. उजवीकडून, पण पान उलटं नाही, पण शिवण या बाजूला, पण पुढं पानं वाढवता आली पाहिजेत. माझं मराठी अशा वेळी मला अर्ध्यात सोडतं आणि इंग्रजीचा तिथं उपयोग नव्हता. दुकानात काळ्या प्रोजेक्टांची चळत लागलेली. म्हाताऱ्या बाइंडरचाचांनी माझ्या हातातलं पहिलं पान घेतलं, चारमिनारचं घर मी त्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवलं होतं, ते वरच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं.

"सीधे हात की बांधनी," ते म्हणाले. सीधा म्हणजे उजवा. "कुणाचं हाय?"

"माझ्या आजोबांचं. आईच्या मामांचं."

"उर्दूत शिकलेले?"

मी मान हलवली.

"आता अशी बांधणी फक्त मदरशाच्या पुस्तकांना करतो. शिवू का दोरी घालू? दोरी घातली तर उद्या सफे वाढवता येतील, बेटा."

"दोरी," मी म्हटलं. तयार केलेल्या वाक्यांतलं एकही लागलं नाही.

भरायला मात्र वेळ घेतला. मोबाईलवर जुन्या रजिस्टरचे फोटो, टेबलावर चिमटा, आणि शेजारच्या खुर्चीत आबा. या वेळी प्रत्येक ओळीच्या आधी मी विचारत होते आणि ते सांगत होते. कुठलं पाकीट, कशाचं होतं, त्या दिवशी कारखान्यात काय झालं होतं. फोटो आणि त्यांची आठवण बहुतेक जुळायची. एकदा दोन्हींत फरक पडला. फोटोत श्रीलंका तिसरं, ते म्हणाले चौथं. मी फोटो मोठा केला. तिसऱ्या घरात डिंकाच्या पट्टीचा नुसता तुकडा होता, तिथलं तिकीट कधीतरी गळून पडलेलं. मी मोजताना ते घर सोडलं होतं.

"मोबाईलला सांग, मान्य कर म्हनावं," ते म्हणाले.

"मोबाईल बरोबरच होता. चूक माझी."

"मग तू मान्य कर."

मी केलं. ते घर रिकामं सोडलं.

दिवाळीच्या आधी त्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे माझे मामा-मामी, त्यांना न्यायला आले. तोपर्यंत आबा समोर बसलेल्या माणसाला ओळखायला मान बाजूला वळवायला लागले होते. मामी दबल्या आवाजात आईला विचारत होत्या, यांना आता घरी एकटं ठेवता येईल का, हातात काय द्यायचं, वेळ कसा जाईल. आबांनी ते ऐकलं. कान चांगले आहेत.

"सूनबाई, इकडं बस," ते म्हणाले. "एक सफा सांग. कुठलाबी."

"मला काय कळतंय त्यातलं, मामंजी."

"आकडा तर कळतोय? सांग."

"सात."

त्यांनी अल्बम उजवीकडून उघडला, पानं अंगठ्यानं मोजत गेले. सातव्यावर थांबले. "ओळ?"

"पाच."

तळहात पानाच्या वरच्या कडेला लावला, चार बोटं, चार बोटं, खाली येत गेला. "कितवं?"

"तिसरं," मामी म्हणाल्या, आणि आता त्या वाकून बघत होत्या.

दोऱ्यावरून बोट दोन घरं डावीकडे सरकलं. तिथं पोचायच्या आधीच ते म्हणाले, "जर्मनी. पुलाचं चित्र. पंपाचं कोटेशन आलं व्हतं त्यात."

मामींनी बघितलं. पूल होता. घरी त्यांना एकटं ठेवायचं की नाही हा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

मी आता पुण्यात शिकते. आबांचा फोन येतो, तो ते स्वतः लावत नाहीत, मामी लावून देतात. तिकिटं मात्र ते स्वतः लावतात. कुणी पाकीट आणून दिलं की भिजवतात, सुकवतात आणि पुढच्या रिकाम्या घरात सरकवतात. चिमटा न वापरता, बोटानं. तिकिटाला बोट लावू नये हे मला माहीत आहे. मी त्यांना ते सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात म्हणाले, "चौदावा सफा संपायला आलाय. तीन घरं ऱ्हायली. सोय बघ."

या वेळी मी सुट्टीची वाट बघितली नाही. इथल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले, कडक शीट मागितली, दुकानदारानं मऊ काढली तेव्हा ती नको, दुसरी द्या, असं सरळ म्हटलं, आणि सहा कार्डशीट घेतल्या. मग आईला फोन करून सांगितलं की मशीनला जाड सुई लावून ठेव.